गच्चीवरची देनवा

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठायला गुडघे तयार नसतात, म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो.

माझा साडू मोरेश्वर पांढुर्ण्याला राहतो आणि दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या घराच्या गच्चीवर तंबू ठोकतो.

सिमेंटच्या स्लॅबमध्ये खुंटी जात नाही. म्हणून त्यानं तेलाच्या रिकाम्या पिप्यांत जाम नदीची वाळू भरून ठेवली आहे. पिप्यांना दोर बांधायचे, मधे दोन बांबू उभे करायचे आणि वर स्वतः शिवलेली ताडपत्री ताणायची. तंबू उभा राहिला की हा आत सतरंजी टाकून बसतो, मुंडकं तेवढं बाहेर काढतो आणि खालून जाणाऱ्याला हाक मारतो, "ये न बे वर! देनवा नदीच्या काठावर बसलो हाय. चहा पिऊन जा."

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर त्याच्या गल्लीत एक नवे साहेब भाड्यानं राहायला आले. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "यांच्या घराचं काम सुरू आहे का?" शेजारी म्हणाला, "नाही साहेब, कॅम्पिंग सुरू हाय." पुढच्या शनिवारी साहेब स्वतःच तंबूत बसून चहा पिताना दिसले.

हे असं होतं. मोरेश्वरच्या वेडेपणात माणूस ओढला जातो. माझ्या शहाणपणात कधी कुणी ओढलं गेलं नाही, आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे.

मी सौंसरचा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. घरात मराठी, वर्गात 'सतपुड़ा की प्रमुख नदियाँ'. तवा, देनवा, दूधी, पेंच, कन्हान, सगळ्या मला उगमापासून संगमापर्यंत पाठ. मोरेश्वरचं पांढुर्ण्याला ताडपत्री, दोर आणि शेतीच्या सामानाचं दुकान आणि मोहगावकडे संत्र्याचा छोटा बगीचा. माझी बायको मीरा थोरली, त्याची बायको बेबी धाकटी. म्हणून मी थोरला जावई. मोरेश्वर मला आजही "मोठे जावई" म्हणूनच हाक मारतो. सुरुवातीला मला तो मान वाटायचा. नंतर शंका येऊ लागली की हा माझी चेष्टा करून राहिला आहे.

सासरी माझा मान होता, पण मोरेश्वरचं कौतुक होतं. या दोन्हींत काय फरक असतो, ते ज्याला धाकटा साडू आहे त्यालाच कळेल. मी गेलो की सासूबाई डोक्यावरचा पदर नीट करत आणि "बसा जी" म्हणत. तो गेला की "आला का रे बाप्पा!" म्हणत स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येत. मला पाट मिळायचा. त्याला तव्यावरची पहिली पोळी मिळायची.

एका धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना वाण द्यायला बोलावलं होतं. मला चांदीचं निरांजन आणि अनारसे मिळाले. मी वाकून नमस्कार केला. मग मोरेश्वरची पाळी. निरांजन हातात घेऊन तो म्हणाला, "आईजी, याच्यानं उजेड पडते ते ठीक हाय. पण हे ठेवा तुमच्याजवळ. मले एक जाडी ताडपत्री द्या."

"काऊन रे? तुझ्या दुकानात नाही काय?"

"दुकानातली विकाची असते. घरातली पांघराची."

सासूबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना पांढुर्ण्याला पाठवून त्यांनी ताडपत्री मागवली, तीही मोरेश्वरच्याच दुकानातून. पुढं वर्षभर सौंसरात ज्या बाईला भेटल्या, तिला हा किस्सा सांगितला. माझं निरांजन कुणाच्याही किश्श्यात आलं नाही. मी ते घेऊन घरी आलो तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी हरून आलो. तंबूचं छत त्याच ताडपत्रीचं. आता ती ठिकठिकाणी फाटली आहे आणि प्रत्येक फाटीवर वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे.

आता देनवेचं सांगतो. तरुणपणी मोरेश्वर दुकानासाठी बांबू आणायला ट्रकवर बसून तामियाकडे गेला होता. घाटाच्या वळणावर खाली खोल दरीत त्याला नदी दिसली. त्यानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, चढावर गाडी थांबवली तर तूच ढकलशील का. ट्रक थांबला नाही. नदी वळणाआड गेली. मोरेश्वरनं देनवा पाहिली ती तेवढीच. पण पांढुर्ण्याला उतरला तो ठरवूनच, की एक दिवस सगळ्या गोतावळ्याला घेऊन त्या नदीच्या काठावर तंबू ठोकायचा, तिथून पुढं तवाच्या तलावापर्यंत जायचं, पाण्याजवळ झोपायचं आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे आणि भरीत करून खायचं.

आणि तेव्हापासून तो ठरवतच होता.

हे ठरवणं म्हणजे शनिवारचा सोहळा असे. सौंसरहून आम्ही, माझा साळा विलास, त्याची बायको, आमची आणि त्यांची पोरं, गल्लीतले दोघे-चौघे, सगळे गच्चीवर. मोरेश्वर-बेबीला मूलबाळ नाही, पण शनिवारी त्या घरातला गोंगाट पाहून कुणी म्हटलं नसतं. बेबी खाली मोठ्या पातेल्यात चहा उकळायची आणि वर मोरेश्वर कोळशानं स्लॅबवर रस्ता काढायचा. जिना म्हणजे रामाकोना. जिन्याच्या वरची मोरी म्हणजे छिंदवाडा. तुळशीच्या कुंडीपाशी तामियाचा घाट. आणि कोपऱ्यातली सिमेंटची टाकी म्हणजे तवाचा तलाव. सगळे जागेवर बसले की तो टाकीतून बादली भरायचा आणि "देनवा आली!" असं ओरडून स्लॅबवर ओतायचा. पोरं किंचाळत पाय वर घ्यायची. बायका साड्या आवरायच्या. पाणी पाइपातून खाली गल्लीत पडायचं आणि तिथून कुणीतरी शिव्या द्यायचं. तोही कार्यक्रमाचाच भाग.

मी एकदा म्हटलं, "मोरेश्वर, देनवा तवाला मिळते, तवा नर्मदेला. म्हणजे पाणी उत्तरेला गेलं पाहिजे. तुझी नदी दक्षिणेला वाहते. आणि तलावातून नदी निघत नाही, नदीतून तलाव भरतो."

तो गंभीर झाला. स्लॅबकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोठे जावई, तुमचं बरोबर हाय. पण ढाळ मिस्त्रीनं काढला न. त्याले भूगोल नव्हता."

सगळी गच्ची हसली. मीरा तर तुळशीच्या कुंडीला धरून हसली. माझ्या विनोदावर ही बाई "झालं?" एवढंच म्हणत आली आहे.

त्याचे नियम होते. पहिला नियम, "आधी गाठ, मंग गोठ." गोठ म्हणजे आमच्याकडे गोष्ट. तंबूचा दोर बांधून होईस्तोवर कुणी एक अक्षर बोलायचं नाही. विलासच्या बायकोला एकदा बोलताना पकडलं तर त्यानं बांधलेला दोर सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधला. त्याची गाठही त्याची स्वतःचीच. दोन फास एकमेकांत उलटे अडकवलेले आणि टोक आतल्या बाजूला दडवलेलं. कितीही ओढा, सुटत नाही, आणि टोक सापडलं की एका झटक्यात सुटते. त्यानं सगळ्यांना शिकवली. मला सोडून सगळ्यांना आली.

दुसरं म्हणजे प्रत्येकाला काम. विलासकडे गोवऱ्या आणि पानगे. बेबीकडे चहा. पोरांकडे काटक्या. आणि माझ्याकडे? "मोठे जावई संध्याकाळी नदीचा तास घेतील," तो म्हणायचा. "सगळ्यायनं चूप बसून ऐकाचं. आन् तंबूत दाराजवळची जागा त्यायची. तिथून नदी दिसते." पोरं खी खी करायची. मला वाटायचं, हा मला सगळ्यांसमोर पंतोजी ठरवून राहिला आहे. कामाचा नाही, बोलायचा माणूस.

आणि जायची वेळ आली की मोरेश्वरजवळ कारण तयार असायचं. पावसाळ्यात पाणी जास्त. उन्हाळ्यात पाणी कमी. पोळ्यानंतर गोटमारीच्या जत्रेतलं दुकान. दिवाळीत बायकांचं माहेर. थंडीत संत्र्याची तोड. कुणी फारच मागे लागलं तर तो शांतपणे म्हणायचा, "जाऊ न बाप्पा. नदी कुठी पळून चालली?" मग कोळसा घेऊन नवा रस्ता काढायला बसायचा. गेल्या शनिवारचा रस्ता पाण्यानं पुसला गेलेला असायचाच.

अशाच एका शनिवारी सौंसरला परतताना बसमध्ये मीरा म्हणाली, "एक सांगू? मोरेश्वरराव नुसतं ठरवतात न, तरी फिरून आल्यासारखं वाटते."

मी म्हटलं, "मी तुला नेलं नाही का? पचमढी दाखवली, ओंकारेश्वर दाखवलं."

"दाखवलं न," ती म्हणाली. "पण तुमच्यासंगं गेलं तं नकाशा पाहून आल्यासारखं वाटते."

ती हसत होती. तिला त्यात काही लागण्यासारखं वाटलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. बस रामभरोसे चालली होती. नद्या माझ्या होत्या. मी त्या शिकवल्या होत्या. या माणसानं एक बादली पाणी ओतलं आणि माझी बायको त्यात भिजून आली.

त्या वर्षी थंडीत बेबीचा फोन आला. मीराशी बोलता बोलता म्हणाली की बगीच्याची तोड ठरली, व्यापारी अमुक वाराला गाड्या घेऊन येऊन राहिला, तोडीची माणसं सांगून झाली, आता त्या दोन दिवसांत यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. संत्र्याच्या तोडीच्या दिवशी मालक बगीच्यात नसला तर काय होतं, हे आमच्या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. कोणतं फळ टोपल्यात गेलं आणि कोणतं झाडाखाली राहिलं, त्यावर अख्खं वर्ष असतं.

फोन स्पीकरवर होता, मी ते ऐकत होतो. हातात वर्तमानपत्र होतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप ठरवली. तामियाला राहायची सोय केली, दोन खोल्या, गरम पाण्यासकट. दिवस तोच धरला.

विलासला आणि बाकीच्यांना सांगितलं, "मोरेश्वर म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी तोड आटोपून मागून येतो." आणि मोरेश्वरला फोन करून सांगितलं, "पोरं ऐकूनच नाही राहिली. शाळेला सुट्टी आहे. मी म्हटलं मोरेश्वरशिवाय कसं, पण कुणी थांबायला तयार नाही."

फोनवर दुकानात कुणी ताडपत्री ओढून पाहत असल्याचा खरखर आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं न. जाऊन या. पोट्ट्यायची सुट्टी कशाले वाया घालवा? नदी कुठी पळून चालली."

मी फोन ठेवला. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. लपवायचं असतं तर हे लिहिलंच नसतं.

निघालो त्या सकाळी थंडी बेताची होती. जीप भरलेली. पोरं गाणी म्हणत होती. रामाकोन्याला चहासाठी थांबलो, तर टपरीच्या शेजारी मोटारसायकल लावलेली आणि तिच्यावर मोरेश्वर. कानाला मफलर. मागे दोरानं आवळून बांधलेला तंबू आणि संत्र्यांची एक टोपली.

"काय मोठे जावई," तो म्हणाला, "क्यांपिंगले चालले आन् तंबू इसरले?"

पोरं "मावसाजी!" म्हणत जीपमधून उड्या टाकून त्याला चिकटली. विलास हात चोळत खाली उतरला. "अबे, तुम्ही तं मागून येणार होते न? भाऊजी म्हणाले, मोरेश्वररावनंच सांगतलं, तुम्ही व्हा पुढं."

मी चहाचा कप हातात धरून उभा होतो.

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. गिऱ्हाईक ताडपत्री हातात घेऊन "पाणी धरेल का?" विचारतं तेव्हा तो ताडपत्रीकडे पाहतो, तेवढाच. मग विलासकडे वळून म्हणाला, "हो न. मीच म्हटलं होतं. पण तोड काही आज आटपत नाही दिसत. तुम्ही मजा करा."

त्यानं तंबू जीपच्या टपावर चढवला. वळकटीचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "टोक आत दडवलं हाय. सापडलं की एका झटक्यात सुटते. आन् दार नदीकडं ठेवजा. तुमची जागा तिथी हाय." मग मीराला म्हणाला, "ताई, एक काम करा. पाण्यात हात घालून पाहा, किती थंड हाय ते. वरून दिसली होती मले. हात नव्हता पोचला."

तोडीची माणसं यायची वेळ झाली, म्हणून तो चहाही न घेता गेला. मोटारसायकल वळताना त्यानं मागे पाहून पोरांना मफलरमधून मुंडकं बाहेर काढून दाखवलं, तंबूतून काढतो तसं. पोरं हसली. मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

सहल कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच झाली.

तंबू मी उघडू दिला नाही. पोरं मागे लागली तेव्हा म्हटलं डास आहेत, ओल आहे, जनावरं येतात. दोन खोल्या आहेत, गरम पाणी आहे, तंबू कशाला? दुसऱ्या दिवशी देनवेच्या काठावर गेलो. सुंदर नदी. मोठमोठे दगड, मधून हिरवं पाणी. विलासच्या गोवऱ्या पेटल्या नाहीत. पानगे बाहेरून जळले, आतून कच्चे राहिले. मी नदीचा तास घेतला. उगम, खोरं, उपनद्या, सगळं. पहिल्यांदा पोरं उठली, मग विलास काटक्या आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. मीरा शेवटपर्यंत होती. बसल्या बसल्या झोपली होती.

मीराला मी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. दगड निसरडे आहेत, म्हटलं. मीही गेलो नाही.

परत येताना विलासची धाकटी पोरगी म्हणाली, "बेबीआत्याच्या गच्चीवरची नदी याच्याहून मोठी होती."

जीपमध्ये कुणी तिला चूक म्हटलं नाही.

तंबू परत द्यायला मी एकटाच पांढुर्ण्याला गेलो. मोरेश्वर दुकानात होता. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि समोर बसून सगळं विचारलं. पाणी कोणत्या रंगाचं होतं? काठाला वाळू होती का दगड? मी सांगत गेलो. तंबूत झोपलो, दार नदीकडे होतं, असंही सांगितलं. सांगताना मला ते खरंच वाटू लागलं होतं.

"आन् पाणी? थंड होतं?"

"बर्फ," मी म्हटलं.

तो खूश झाला. मग त्यानं तंबूची वळकटी मांडीवर ओढली. दोरावरून हात फिरवला. बोट गाठीपाशी आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं गाठ उलटीसुलटी करून पाहिली. आत दडवलेलं टोक जसंच्या तसं होतं.

"मस्त बांधला हो परत," तो म्हणाला. "अगदी माझ्या हातची गाठ वाटते."

एवढंच. मग गिऱ्हाईक आलं आणि तो उठला.

मला वाटलं होतं, पुढच्या शनिवारी तो बोलेल. सगळ्यांसमोर नाही, तरी एखादा टोमणा मारेल. मी त्याची तयारीही केली होती. पण पुढच्या शनिवारी गच्चीवर फारसं कुणी गेलंच नाही. विलास म्हणाला, "आता काय ठरवाचं? जाऊन तं आलो." पोरांनी फोनमध्ये फोटो टाकले, त्यांचं काम झालं. मीराही म्हणाली, "नदी पाहिली न आता." आणि ते बोलताना तिच्या आवाजात काहीतरी संपल्यासारखं होतं. मी सहल जिंकली होती, आणि जिंकून मारून टाकली होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला जायचं नाही, नुसत्या बाता. आता कळतं, त्याला जायचं होतं. खरंच जायचं होतं. पण त्याहून जास्त त्याला आम्ही यायला हवे होतो. नदी एकदाच पाहून होते. शनिवार दर आठवड्याला येतो.

काही महिन्यांनी कशाला तरी पांढुर्ण्याला गेलो. शनिवारच होता. बेबी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. "बसा भाऊजी," म्हणाली. मी पाहिलं, चहाचं पातेलं लहान होतं. मोठं पातेलं वरच्या फळीवर पालथं घालून ठेवलेलं. तिच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाली, "दोघांपुरतं मोठ्यात जळते न."

वर गच्चीवर तंबू उभा होता. एकटा मोरेश्वर तुळशीपाशी बसून कोळशानं घाट काढत होता.

तेव्हापासून मी जमेल त्या शनिवारी जातो. मीरा विचारते, "काऊन हो, आधी तं ओढून न्यावं लागे तुम्हाले." मी म्हणतो, हवापालट. खरं म्हणजे मी दर वेळी एकच वाक्य घेऊन जातो आणि तेच परत घेऊन येतो. बसमध्ये ते तोंडपाठ असतं. जिना चढेस्तोवर अर्धं राहतं. वर पोचलो की तो म्हणतो, "या मोठे जावई, धरा दोर," आणि दोर हातात आला की माझं तोंड बंद होतं.

एकदा बेबीजवळ बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, "बेबी, ती तामियाची सहल..." ती म्हणाली, "हो न, हे अजूनबी सांगतात सगळ्यायले. आमचे मोठे जावई देनवेच्या काठावर तंबूत झोपले म्हणून. पाणी बर्फासारखं थंड होतं म्हणून."

म्हणजे त्यानं माझं खोटं तिथंही खरं करून ठेवलं होतं.

गेल्या शनिवारी वारा होता. ताडपत्री फडफडत होती. आम्ही दोघं म्हातारे दोन बाजूंनी लोंबकळत होतो. बांबू आता आधीइतके सरळ नाहीत, आम्हीही नाही. मोरेश्वर म्हणाला, "या वर्षी जाऊ. थंडी सरली की जाऊ. दाराजवळची जागा तुमची."

मला वाटलं, आता. वाऱ्यात आवाज कापरा झाला तरी वाऱ्यावर ढकलता येईल. मी म्हटलं, "मोरेश्वर, रामाकोन्याला त्या दिवशी..."

तो दोरावर वाकला होता. वर न पाहताच म्हणाला, "आधी गाठ, मंग गोठ."

मी दोर ताणून धरला. त्यानं दोन फास उलटे अडकवले. आता त्याला वेळ लागतो, बोटं थरथरतात. टोक आत दडवलं. गाठ ओढून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडला, "बेबी, चहा आण! देनवेच्या काठावर पोचलो!"

मग तो टाकीकडे गेला आणि बादली भरू लागला. पोरं नाहीत, साड्या आवरणाऱ्या बायका नाहीत, तरी त्यानं बादली उचलली आणि स्लॅबवर ओतली. पाणी माझ्या पायांकडे आलं. मी पाय उचलले नाहीत. वाकून त्यात हात घातला. उन्हानं तापलेल्या टाकीतलं पाणी, कोमट होतं.

तो माझ्याकडे पाहत होता. "थंड हाय?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. बेबी चहा घेऊन आली आणि वाक्य पुन्हा माझ्याबरोबर बसमध्ये बसून सौंसरला आलं. तेच इथं ठेवतो. मीरा वाचेल, विलास वाचेल, कदाचित कुणीतरी त्यालाही वाचून दाखवेल.

मोरेश्वर, तुझी तोड त्या दिवशी आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणूनच मी तो दिवस धरला. आणि पाण्यात मी हात घातला नव्हता.